युक्का : थंडी सोसणाऱ्या एका झाडाचा इतिहास

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा त्यांच्या मनात महागाई भत्ता, कंत्राटी कामगार असे काहीतरी असावे. आम्ही एका झाडाचे नाव सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "वसंत ऋतू आहे, चालेल." त्यांची अडचण आम्हाला समजते. पण गेली पंचवीस-तीस वर्षे आम्ही ज्या कामगारांत वावरलो, त्यांत नगरपालिकेच्या बागांतील माळी पुष्कळ. उद्यानाच्या दाराशी संगमरवरी पाटी असते, तिच्यावर उद्घाटकाचे नाव असते, अध्यक्षांचे असते, ठेकेदाराचेही असते. ज्याने खड्डे खणले त्याचे नसते. ही पाटी वाचण्याची सवय लागली की माणूस बागेचा इतिहासही निराळ्या नजरेने वाचू लागतो. आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयात अधिक झाले, त्यामुळे कोणत्या विषयात शिरावे आणि कोणत्यात शिरू नये, हे आम्हाला कोणी शिकवले नाही.

युक्का आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे, पण ते हे नव्हे. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत, लिफ्टच्या शेजारी, जाड खोडाचे आणि डोक्यावर हिरव्या पात्यांचा झुबका असलेले जे झाड कुंडीत उभे असते, ते मध्य अमेरिकेतले युक्का. त्याला गारठा मुळीच सोसत नाही. आम्ही सांगणार आहोत ती त्याची उत्तरेकडची भावंडे. दिसायला घायपातीच्या जवळची, जमिनीलगत तलवारीसारखी पाती, आणि उन्हाळ्यात मधूनच पुरुषभर उंचीचा दांडा येऊन त्यावर पांढऱ्या घंटांसारखी शेकडो फुले. ही भावंडे बर्फात उभी राहतात.

आम्ही ते प्रथम पाहिले लाइपझिगला. काही वर्षांपूर्वी कामगार संघटनांच्या एका भेटीसाठी आम्हाला जर्मनीत जावे लागले. महिना फेब्रुवारीचा. सभा संपल्यावर एक निवृत्त खरादी आम्हाला रेल्वेरुळांपलीकडच्या आपल्या बागेत घेऊन गेले. बाग म्हणजे घराभोवतीची बाग नव्हे. त्या शहरात १८६४ साली श्रेबर या वैद्याच्या नावाने एक संस्था निघाली. मुलांना खेळायला मैदान मिळावे एवढाच तिचा हेतू. मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे केले, मुलांनी ते सोडून दिले, आईबापांनी हाती घेतले, आणि त्यातून भाड्याच्या छोट्या बागांची चळवळ उभी राहिली. १९१९ साली जर्मनीत कायदाच झाला, की या तुकड्यांचे भाडे मनमानी वाढवता येणार नाही आणि मालकाला वाटेल तेव्हा भाडेकऱ्याला काढता येणार नाही. चाळीत वाढलेल्या माणसाला या कायद्याची गोडी वेगळी सांगायला नको.

तर त्या बागेत घोटाभर बर्फ. बटाट्याचे वाफे झाकलेले, सफरचंदाचे झाड काळे ठिक्कर. आणि खोपटाच्या दक्षिणेच्या भिंतीला टेकून, विटांवर ठेवलेल्या लाकडी पिंपात हे झाड. पाती सुतळीने एकत्र बांधलेली, वर खिडकीची जुनी काच तिरपी ठेवलेली. आम्ही दुभाष्यामार्फत विचारले, ही काच थंडीसाठी का? म्हातारा हसला. म्हणाला, थंडीने हे मरत नाही, ओलीने मरते. या एका वाक्याने आमचे डोके असे धरले, की पुढची दोन वर्षे आम्ही मिळेल तेथून या झाडाविषयी वाचत गेलो.

या झाडाचे नावच मुळी चुकीचे आहे. वेस्ट इंडीज बेटांवरचे लोक ज्या कंदाची भाकरी करीत त्याला ते 'युका' म्हणत. तो कंद म्हणजे कसावा. एकादशीला आपण जी साबुदाण्याची खिचडी खातो, ती त्याच कंदाची. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये जॉन जेरार्ड नावाचा एक न्हावी-शस्त्रवैद्य होता. बागांची देखरेख हाही त्याचा धंदा. त्याला अमेरिकेकडून आलेले एक झाड मिळाले आणि ते भाकरीच्या कंदाचेच झाड आहे असे तो समजला. १५९७ सालच्या आपल्या वनस्पतिग्रंथात त्याने ते त्याच नावाने छापले. पुढे चूक उघडकीस आली, पण नाव चिकटले. १७५३ साली लिनियसने वनस्पतींची नावे कायम केली तेव्हा त्यानेही तेच ठेवले, आणि या जातीला 'ग्लोरिओसा' म्हणजे वैभवशाली असे विशेषण दिले. कंदाशी या झाडाचा काडीचा संबंध नाही.

जेरार्डने झाड कोठून आले तेही लिहिले आहे. एक्झेटर गावचे औषधविक्रेते थॉमस एडवर्ड्स यांच्या एका नोकराने ते आणले. एडवर्ड्स यांचे नाव ग्रंथात आहे, ते विद्वान आणि कुशल होते हेही आहे. नोकराचे नाव नाही. महासागर ओलांडून मूळ जिवंत ठेवले त्या माणसाने.

पुढची हकीकत याहून मोठी आहे. जेरार्डने आपले झाड मरेपर्यंत जपले, पण त्याला फूल आलेले त्याने पाहिले नाही. मात्र जिवंतपणी त्याने त्याचा एक फुटवा पॅरिसला राजाच्या बागेची व्यवस्था पाहणाऱ्या झाँ रोबँ याला दिला होता. १६१२ साली जेरार्ड वारला. त्याच्या विधवेकडून एका गृहस्थाने मूळ झाड मिळवले. आपल्या गावाकडच्या घरी ते न्यावे असा त्याचा विचार होता. ते त्याच्याकडे मेले. इकडे रोबँचा मुलगा व्हेस्पासियाँ याने पॅरिसहून एक फुटवा लंडनला धाडला, तो हातोहात जॉन पार्किन्सन या औषधविक्रेत्याच्या बागेत पोहोचला, आणि १६२९ सालच्या आपल्या ग्रंथात पार्किन्सनने ही सारी वंशावळ नोंदवून ठेवली. ज्याने जपून ठेवावे म्हणून घेतले त्याच्याकडचे गेले. जे देऊन टाकले होते तेच समुद्र ओलांडून परत आले. दरम्यान एसेक्स परगण्यात विल्यम कॉइस यांच्या बागेत १६०४ साली युक्का फुलले होते. इंग्लंडातले ते पहिले फूल.

येथे एक प्रश्न मनात येतो. फूल आले तर बी का धरले नाही? बियांवर लाखो रोपे झाली असती, फुटव्यांची ही देवघेव कशाला? अडीचशे वर्षे युरोपातल्या माळ्यांना हे कोडे सुटले नाही. उत्तर मिळाले १८७२ साली, अमेरिकेत सेंट लुईस शहरी. तेथे जॉर्ज एंगेलमान नावाचे जर्मनीहून आलेले डॉक्टर होते. पोटासाठी वैद्यकी, आवडीसाठी वनस्पती. युक्काच्या फुलात रात्री एक लहान पांढरा पतंग वावरतो असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी ते चार्ल्स रायली यांना सांगितले. हे रायली लंडनचे. सतराव्या वर्षी शिक्षण सोडून अमेरिकेला गेले, शेतावर राबले, मग शेतकऱ्यांच्या एका नियतकालिकात चित्रे काढीत आणि बातम्या लिहीत, आणि पंचविशीतच मिसूरी राज्याचे कीटकतज्ज्ञ झाले. अशा माणसाबद्दल आम्हाला ममत्व वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही.

रायली यांनी रात्री कंदील घेऊन बसून जे पाहिले ते असे. पतंगाची मादी एका फुलातले चिकट परागकण तोंडाजवळच्या खास अवयवांनी गोळा करते, त्यांची गोळी करून हनुवटीखाली धरते आणि दुसऱ्या फुलावर उडून जाते. तेथे फुलाच्या बीजकोशात अंडी घालते. मग त्याच फुलाच्या टोकाशी चढून परागाची गोळी तेथल्या खळग्यात दाबून बसवते. चुकून नव्हे, मुद्दाम. कारण बी धरले नाही तर अळ्यांना खायला मिळणार नाही. अळ्या काही बिया खातात, उरलेल्या झाडाच्या. एका फुलात अंडी फार झाली तर झाड ते फूलच गाळून टाकते, हेही १९९४ साली सिद्ध झाले. आम्ही जन्मभर करारनामे वाचले. दोन्ही बाजूंना इतका बांधून ठेवणारा करार आमच्या पाहण्यात नाही. चार्ल्स डार्विन यांनाही फलधारणेच्या ज्ञात उदाहरणांत हे सर्वांत आश्चर्यकारक वाटले. सुरुवातीला काहींनी रायली यांना खोटे ठरवले, कारण त्यांना सापडलेला पतंग पराग उचलतच नव्हता. तो निघाला दुसरा, दिसायला तसाच; तो फुलांच्या दांड्यात अंडी घालतो आणि परागाचे काम मात्र करीत नाही. वर्गणी न भरता करारातली पगारवाढ घेणारे सभासद आमच्याकडेही असतात.

म्हणजे युरोपात झाड गेले, पतंग गेला नाही. म्हणून तेथे जुन्या बागेत युक्काचे झाड दिसले की समजावे, कोणीतरी कुदळीने फुटवा तोडून कोणाला तरी दिला आहे.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात या झाडाचे दिवस पालटले. श्रीमंतांना तेव्हा उष्ण देशांतल्या झाडांचे वेड लागले होते. लंडनच्या बॅटरसी या कष्टकऱ्यांच्या वस्तीजवळ सार्वजनिक बाग झाली होती. तेथे १८६४ च्या सुमारास जॉन गिब्सन यांनी केळी, कर्दळी, ताडमाडांचा एक विभाग उभा केला. हे गिब्सन तरुणपणी १८३५ साली डेव्हनशायरच्या ड्यूकसाठी कलकत्त्याला आणि तेथून खासी टेकड्यांत ऑर्किडे आणायला आले होते. आपल्याकडचे हिरवे रान त्यांनी पाहिलेले होते. पण या झाडांना हिवाळ्यात काचघर लागे, काचघराला बॉयलर लागे आणि बॉयलरला रात्री कोळसा घालणारा माणूस लागे. मोठ्या बंगल्यांच्या बागांतले शिकाऊ माळी भिंतीआडच्या खोलीत एकत्र राहत. लग्न झालेल्याला तेथे जागा नसे. थंडीच्या रात्री आळीपाळीने उठून भट्टी पाहायची. एखाद्याचा डोळा लागला तर सकाळी झाडे काळी पडलेली आणि नोकरी गेलेली.

अशा वेळी विल्यम रॉबिन्सन यांनी लेखणी उचलली. ते आयर्लंडचे, स्वतः पोरवयात बागेत राबलेले. १८७१ साली त्यांनी उष्ण देशांचा थाट देणाऱ्या बागेवर पुस्तक लिहिले आणि त्यात आग्रहाने सांगितले, की काचघर नसलेल्यालाही असा थाट करता येतो. उघड्यावर हिवाळा काढणारी भरदार पानांची झाडे लावा. युक्का त्यांत अग्रभागी होते. गरट्रूड जीकल या बाईंनी पुढे आपल्या मन्स्टेड वूडच्या बागेत फुलांच्या ताटव्यांना खांबासारखा टेकू म्हणून युक्काचा उपयोग केला, आणि मग ते छोट्या घरांच्या अंगणापर्यंत पोहोचले. बागेच्या पुस्तकांत ही आवडीनिवडीची गोष्ट म्हणून सांगतात. आम्हाला त्यात रात्री न पेटवावी लागणारी भट्टी दिसते.

नवे वाण काढण्याचा उद्योगही याच काळातला. पतंग नाही, तर माणसाने संध्याकाळी बारीक कुंचला किंवा काडी घेऊन पराग खळग्यात दाबायचा. मार्सेयला देलई यांनी तो केला, कार्ल्सरूहेला ग्रेबनर यांनी केला, आणि सर्वांत अधिक नेपल्सला कार्ल स्प्रेंगर यांनी. आपल्या गॅलरीत लोंबणारा जो ॲस्पॅरागस असतो, हार-गुच्छांत घालतात तो, त्याला ज्यांचे नाव आहे ते हेच स्प्रेंगर. युक्काचे शंभरावर संकर त्यांनी केले. १९०६ साली व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि राखेने त्यांची रोपवाटिका उद्ध्वस्त झाली. ते कॉर्फू बेटावर जर्मन बादशहाच्या बागेवर नोकरीला गेले आणि १९१७ साली तेथेच वारले. त्यांचे बहुतेक संकर आज कोठेच नाहीत. जे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे, इतर बागांकडे गेले होते त्यांतले थोडे उरले. त्यानंतर पोट्सडामजवळ कार्ल फर्स्टर यांनी बर्फ सोसणारे वाण निवडून काढले. दोन महायुद्धे आणि चार राजवटी पाहून ते १९७० साली शहाण्णवाव्या वर्षी वारले. लाइपझिगच्या म्हाताऱ्याचे झाड त्यांच्याच वाणाचे होते; पूर्व जर्मनीच्या काळात कारखान्यातल्या एका सोबत्याने त्याला दिलेले.

ज्यांच्या भूमीतून हे झाड निघाले त्यांना या वैभवाचे काही नवल नसावे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील होपी, झुन्यी, नव्हाहो यांच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या होते. पात्यांच्या धाग्यांचे दोर, टोपल्या, वहाणा; मूळ ठेचून पाण्यात घुसळले की रिठ्यासारखा फेस येतो, त्याने केस धुवायचे, आणि काही विधींत तर तसेच धुवायचे. पहिल्या महायुद्धात ताग महाग झाला तेव्हा अमेरिकेतल्या कारखानदारांना या धाग्यांची आठवण झाली. बंगालचा ताग पुन्हा मिळू लागताच ती विसरली. १९१८ च्या सुमारास दुष्काळ पडला तेव्हा तेथल्या पशुपालकांनी त्याची खोडे यंत्रावर कापून गुरांना घातली. आपल्याकडे दुष्काळात निवडुंगाचे काटे भाजून गुरांपुढे टाकीत, तसेच.

शास्त्रीय वर्गवारीचे काम विल्यम ट्रेलीस यांनी १९०२ साली पुढे नेले, पण आमचा मान सुझन मकेल्वी यांना. न्यूयॉर्कच्या सुखवस्तू घरातल्या या बाई संसार मोडल्यावर बोस्टनच्या अर्नोल्ड वृक्षोद्यानात काम मागायला गेल्या. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. त्यांना मातीच्या कुंड्या धुण्याचे काम मिळाले. कुंड्या धुता धुता त्या शिकल्या, वाळवंटात हिंडल्या, आणि नैर्ऋत्येकडील युक्कांवर त्यांचे दोन खंड १९३८ व १९४७ साली निघाले. आजही अभ्यासकांना ते उघडावे लागतात.

आता कुंडीविषयी बोलले पाहिजे, कारण चाळीत राहणाऱ्याची जमीन म्हणजे कुंडीच. जमिनीत लावलेल्या झाडाच्या मुळांना भोवतालची माती ऊब देते. कुंडीत हिम चारी बाजूंनी शिरते. म्हणून गावच्या थंडीपेक्षा आठ-दहा अंश अधिक सोसणारे झाड कुंडीसाठी निवडावे. पात्यांच्या कडेला पांढरे दोरे सुटलेली 'फिलामेंटोसा' ही जात उणे पंचवीस अंशांपर्यंत तग धरते. कॅनडाच्या सीमेपलीकडेही रानात उगवणारी 'ग्लाउका' उणे तीसच्या खालीही जगते. वैभवशाली 'ग्लोरिओसा' त्यांच्या मानाने नाजूक. मातीत निम्मी खडी किंवा भरड वाळू हवी. साध्या मातीची कुंडी पाणी पिते आणि ते गोठले की तडकते, म्हणून म्हाताऱ्याचे पीप लाकडी. विटा खाली अशासाठी, की भोक जमिनीला चिकटून गोठू नये. पानगळीपासून पाणी बंद. पाती सैल बांधायची आणि मधल्या कोंबावर पाऊस किंवा वितळलेले बर्फ साचू नये म्हणून काच. पण बाजू उघड्या. काही लोक प्रेमाने प्लॅस्टिक गुंडाळतात. आत घाम सुटतो, कोंब कुजतो, आणि मग थंडीला दोष देतात. नवे रोप वसंतात लावावे म्हणजे हिवाळ्यापूर्वी ते मूळ धरते. फुलून गेलेला झुबका हळूहळू मरतो. घाबरायचे कारण नाही, बगलेतून पिल्ले आलेलीच असतात. हे झाड महाबळेश्वरी लावावे का, असे एका माळीमित्राने आम्हाला विचारले. तेथली थंडी त्याला खिजगणतीतही नाही, पण चार महिन्यांचा तो पाऊस त्याचे मूळ कुजवील.

अलीकडे एक नवी हाव निघाली आहे. टेक्सास व उत्तर मेक्सिकोत 'रोस्ट्राटा' नावाची खोडवाली, निळसर गोल डोक्याची जात आहे. ती बर्फ सोसते आणि कुंडीत फार डौलदार दिसते. माणसाच्या उंचीचे खोड व्हायला कित्येक दशके लागतात; एवढा धीर कोणाला? म्हणून वाळवंटातली म्हातारी झाडे उपटून, मुळे छाटून, जहाजाने युरोपला पाठवतात. त्यांतली काही धरतात, काही पहिल्याच ओल्या हिवाळ्यात जातात. फुटवा देण्यात आणि झाड उपटून नेण्यात केवढे अंतर आहे, ते किंमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

लाइपझिगहून निघताना म्हाताऱ्याने खोपटातून वाळूची पेटी काढली. तिच्यात बोटाएवढ्या जाड मुळांचे तुकडे निजवलेले होते. एक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने आमच्या हातात ठेवला. परवान्यावाचून मूळ देशात आणणे कायद्याला मान्य नाही, आणि आमच्या उकाड्यात त्या वाणाचे काय होणार हेही दिसत होते. नको म्हणणेही जड गेले. त्याच सभेला पोलंडच्या वूच शहरातल्या एक बाई आल्या होत्या. वूच म्हणजे कापडगिरण्यांचे गाव. तेथल्याही गिरण्या आमच्या गिरणगावासारख्याच बंद पडल्या. आम्ही ती पुडी त्यांना दिली. गेल्या दिवाळीत त्यांचे पत्र आले. मूळ धरले आहे, गॅलरीत जुन्या बादलीत आहे, दोन हिवाळे निघाले. तीन पिल्ले झाली. एक खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने नेले.